प्रशासकाच्या काळाचा हिशेब

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



संयोजकांनी आजच्या विषयाला मोठे भारदस्त नाव दिले आहे : ‘गृहनिर्माण, नगररचना व स्थानिक संस्थांचा अर्थव्यवहार यांवरील विधिमंडळाचे नियंत्रण’. असे नाव ऐकले की निम्मा वर्ग मनातल्या मनात उठून जातो, याची मला कल्पना आहे. म्हणून मी नावाचा खुलासा करीत बसत नाही. सरळ एका प्रश्नाला हात घालतो.

सातारा नगरपालिकेच्या निर्वाचित सभेची मुदत २०२१ च्या डिसेंबरात संपली. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेची २०२३ च्या ऑगस्टमध्ये. नगरपालिकांसाठी पुन्हा मतदान झाले ते २०२५ च्या डिसेंबरात आणि महापालिकांसाठी २०२६ च्या जानेवारीत. जिल्हा परिषदांच्या बाबतीत तर २०२५ साल सरले तरी मतपेटी उघडली नव्हती. या मधल्या काळात घरपट्टी वसूल झाली, ठेके दिले गेले, बांधकाम परवाने निघाले, अर्थसंकल्प मंजूर झाले. हे सारे कोणी तपासले?

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांची मुदत पाच वर्षे ठरविली, ‘त्याहून अधिक नाही’ असे बजावले, आणि मुदत संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असे बंधन घातले. ७३ व्या दुरुस्तीने तेच बंधन जिल्हा परिषदा व ग्रामपंचायती यांच्यासाठी घातले. सरकारच्या लहरीनुसार स्थानिक संस्था बरखास्त करून वर्षानुवर्षे प्रशासक बसविण्याची जी जुनी खोड होती, ती मोडण्यासाठीच हे कलम आले होते. ते असतानाही महाराष्ट्रात तीन-चार वर्षे प्रशासकांचे राज्य चालले.

कारणे आपणांस ठाऊक आहेत. २०२१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या स्थानिक संस्थांतील आरक्षणासाठी तिहेरी कसोटी घालून दिली; राज्याकडे त्यासाठी आकडेवारी तयार नव्हती; पुढे प्रभागरचनेचा वाद उभा राहिला, सरकारे बदलली, तारखा पडत गेल्या; आणि अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयानेच चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला. मागासवर्गीयांना त्यांचा वाटा मिळालाच पाहिजे, याबद्दल समाजवादी माणसाच्या मनात किंतु असण्याचे कारण नाही. परंतु आकडेवारी वेळेवर गोळा न करता त्याच मागासवर्गीयांच्या नावाने सर्वांचीच निवडणूक लांबविणे हे ज्यांच्या सोयीचे होते, त्यांनी ते सोयीने केले, असे म्हणणे भाग आहे.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. महापालिकेच्या अधिनियमात अर्थसंकल्पाची एक वाट आखून दिलेली आहे. आयुक्त अंदाजपत्रक तयार करतो आणि स्थायी समितीपुढे ठेवतो. स्थायी समिती त्यात काटछाट करून ते महासभेपुढे नेते. महासभा चर्चा करून मंजूर करते. एकाने मांडावे, दुसऱ्याने तपासावे, तिसऱ्याने मंजूर करावे. प्रशासकीय काळात सांगलीचे आयुक्तच प्रशासक झाले. म्हणजे आयुक्तांनी अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवले, ती स्थायी समिती ते स्वतःच. स्थायी समितीने महासभेकडे पाठविले, ती महासभाही ते स्वतःच. मुख्य लेखापरीक्षकाने ज्या स्थायी समितीला अहवाल सादर करायचा, तिच्या जागी बसलेला अधिकारी तोच, ज्याच्या खर्चाविषयी तो अहवाल आहे! यात एखाद्या अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. अत्यंत सचोटीचा मनुष्यही आपल्या हिशेबाची तपासणी आपणच करू शकत नाही. गावच्या सेवा सोसायटीच्या सेक्रेटरीलाही आपण ती मुभा देत नाही.

जिल्हा परिषदांची गोष्ट तर अधिक खेदाची. ज्या यशवंतराव चव्हाणांचा जन्म देवराष्ट्र्याचा आणि मतदारसंघ कराडचा, त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्हाधिकाऱ्याला परिषदेच्या बाहेर ठेवावे आणि निवडून आलेल्या अध्यक्षाच्या हाती सूत्रे द्यावीत, हे त्या रचनेचे वैशिष्ट्य देशभर वाखाणले गेले. त्यांच्या जिल्ह्यात साठ वर्षांनी मुख्य कार्यकारी अधिकारीच परिषद झाले. दरवर्षी प्रीतिसंगमावर फुले वाहणाऱ्यांपैकी किती जणांनी याबद्दल सभागृहात तोंड उघडले?

साताऱ्याचे एक उदाहरण तर मला फार बोलके वाटते. २०२० च्या सप्टेंबरमध्ये सातारा शहराची हद्दवाढ झाली आणि शाहूपुरी, विलासपूर यांसारखे मोठे भाग नगरपालिकेत आले. तेथली ग्रामपंचायत गेली. नगरपालिकेत त्या भागांचा निवडून आलेला प्रतिनिधी नव्हता, कारण आधीची निवडणूक २०१६ साली जुन्या हद्दीत झालेली होती. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस प्रशासक आले. म्हणजे या नागरिकांनी सुमारे पाच वर्षे नगरपालिकेच्या कारभाराखाली काढली आणि त्या कारभारासाठी एकदाही मत दिले नाही. प्रतिनिधित्वावाचून कर नाही, हे तत्त्व अमेरिकेतल्या वसाहतींनी मांडले असे आपण शाळेत शिकतो. ते राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर लागू होत नाही, असे कोणी शिकविले नव्हते.

निर्वाचित सभा नसताना तपासणीची जबाबदारी कोणावर येते? उघडच विधिमंडळावर. प्रशासक हा राज्य सरकारने नेमलेला असतो, आणि राज्य सरकार विधानसभेला उत्तरदायी आहे. सातारा जिल्ह्यातून आठ आणि सांगली जिल्ह्यातून आठ, असे सोळा आमदार विधानसभेत जातात. या काळात त्यांच्यातील प्रत्येकाने आपापल्या नगरपालिकेचा नगरसेवक होऊन प्रश्न विचारायला हवा होता. साधने थोडी नाहीत. तारांकित प्रश्न आहेत, लक्षवेधी सूचना आहेत, अर्धा तास चर्चा आहे, नगरविकास खात्याच्या मागण्यांवर कपात सूचना आहेत. परंतु तारांकित प्रश्नाचे उत्तर कसे येते ते तुम्हांला माहीत आहे : ‘हे खरे आहे काय?’, ‘अंशतः खरे आहे’. ‘असल्यास, काय कारवाई केली?’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. आणि खात्यांच्या मागण्यांचे म्हणाल तर, शेवटच्या दिवशी वेळ संपली की कोट्यवधी रुपयांच्या मागण्या चर्चेविना एका आवाजात मंजूर होतात. नगरविकास खाते तर बराच काळ खुद्द मुख्यमंत्र्यांच्याच हाती राहत आले आहे. तेव्हा सत्ताधारी बाकांवरून त्यावर बोलण्याची कोणाची प्राज्ञा?

राहिल्या समित्या. महालेखापरीक्षकांचे नगरपालिकांविषयीचे परिच्छेद लोकलेखा समितीकडे जातात, जिल्हा परिषदांचे पंचायत राज समितीकडे. लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी सदस्याकडे द्यावे, हा संकेत लोकसभेत १९६७ पासून, मिनू मसानींच्या नेमणुकीपासून रूढ झाला, तो याच हेतूने. पण लेखापरीक्षणाचा अहवाल खर्चानंतर काही वर्षांनी येतो, समितीपुढे त्याची सुनावणी आणखी काही वर्षांनी होते, आणि तोवर संबंधित अधिकाऱ्याची तीन ठिकाणी बदली होऊन गेलेली असते. पंचायत राज समितीचा जिल्हा दौरा हा तर तालुक्यातल्या शिक्षकांचा आणि ग्रामसेवकांचा चेष्टेचा विषय होऊन बसला आहे. समिती येणार म्हणून शाळांना रंग लागतो, दप्तर रात्री जागून पुरे होते, आणि समितीची बडदास्त राखायला कोणी किती वर्गणी द्यायची याची कुजबुज सुरू होते. २०२५ च्या मे महिन्यात विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याला गेली असताना शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपयांची रोकड सापडली आणि चौकशीसाठी पथक नेमावे लागले. ती रक्कम कोणाची, हा चौकशीचा भाग आहे. त्यावर मी निकाल देत नाही. पण जी समिती जनतेच्या पैशाची राखणदार, तिच्या मुक्कामावर अशी बातमी निघावी, यातच नियंत्रणाची अवस्था कळून येते.

आणखी एक संस्था आहे, तिच्याकडे आपले फार दुर्लक्ष होते. ती म्हणजे जिल्हा नियोजन समिती. घटनेने सांगितले आहे की, या समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिका यांच्या निर्वाचित सदस्यांतून, त्यांनीच निवडून दिलेले असावेत. महाराष्ट्रात समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. आता हिशेब करा. निर्वाचित सदस्यच उरले नाहीत, म्हणजे पाचांतले चार भाग रिकामे. उरलेल्या एका भागात पालकमंत्री, अधिकारी आणि नेमलेली मंडळी. जिल्ह्याचा वार्षिक आराखडा यांनी ठरविला. रस्ता कोणत्या गावाला, साकव कोणत्या वाडीला, नगरोत्थानाचा पैसा कोणत्या शहराला, हे पालकमंत्र्यांच्या दालनात ठरू लागले. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली होती : गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र असे चार खांब, आणि प्रत्येक खांबाला स्वतःचा अधिकार व स्वतःचा पैसा. त्यांतले दोन खांब या काळात काढून ठेवले गेले.

पैशाचे मूळ समजल्यावाचून हे सारे का चालले ते समजणार नाही. पूर्वी नगरपालिकेचा मुख्य आधार जकात होता. जकात हा चांगला कर होता असे मी म्हणत नाही. नाक्यावरचा भ्रष्टाचार आणि खोळंबा दोन्ही आपण पाहिले आहेत. पण तो नगरपालिकेचा स्वतःचा पैसा होता. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात रद्द झाली आणि तिच्या जागी सरकारी अनुदान आले. महापालिकांत जकातीची जागा स्थानिक संस्था कराने घेतली, व्यापाऱ्यांनी बंद पुकारले, १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतील उलाढालीला त्यातून मुक्त केले गेले, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर येऊन तोही विषय संपला. त्यानंतर महापालिकांना कायद्याने नुकसानभरपाई मिळते, दरसाल ८ टक्के वाढीने. ही रक्कम हप्त्याहप्त्याने मुंबईहून येते. म्हणजे ज्या शहराचा व्यापार वाढतो त्या शहराच्या तिजोरीत त्या वाढीचे थेट काही पडत नाही. हप्ता आला तर पगार होतात. उरले काय? घरपट्टी, पाणीपट्टी, विकास शुल्क. ज्याचा पैसा त्याची सत्ता हा व्यवहार आहे. जकात गेली तेव्हा आपण व्यापाऱ्यांच्या आनंदात सहभागी झालो, पण नगरपालिकेचे स्वातंत्र्य तिच्याबरोबर गेले, हे फारसे कोणी बोलले नाही.

दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमावा आणि राज्याच्या उत्पन्नातला वाटा स्थानिक संस्थांना कसा द्यावा ते त्याने सांगावे, अशीही घटनेची आज्ञा आहे. आयोग नेमले जातात, जाडजूड अहवाल येतात आणि कपाटात जातात. याउलट केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान निवडून आलेल्या संस्थांसाठी असते, म्हणून प्रशासकीय काळात महाराष्ट्रातल्या संस्थांचे ते अनुदान अडकून पडले. निवडणूक लांबविली मंत्रालयाने आणि दंड भरला जत-आटपाडीच्या पाणीटंचाईतल्या गावांनी!

आता घरांच्या प्रश्नाकडे येतो, कारण नियोजन आणि पैसा यांची गाठ तेथेच पडते. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्यात शाळा, क्रीडांगण, भाजी मंडई, दुर्बल घटकांची घरे यांसाठी जागा आरक्षित होतात. परंतु दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देतो, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर नोटिशीपासून २४ महिन्यांत भूसंपादनाचे पाऊल उचलले नाही तर आरक्षण संपुष्टात येते. तिजोरी रिकामी म्हणून भूसंपादन नाही, भूसंपादन नाही म्हणून आरक्षण जाते, आरक्षण गेले की तेथे व्यापारी संकुल उभे राहते. कोठे नोटिशीला मुदतीत उत्तरच दिले गेले नाही, कोठे फाईल नेमकी सापडली नाही, हे प्रकार कोणत्या शहरात होत नाहीत? निवडून आलेली सभा असेल तर निदान एखादा सदस्य उठून विचारतो. प्रशासकाच्या दालनात कोण विचारणार?

आणि शहराने गरिबांसाठी जागा राखली नाही म्हणजे गरीब राहायचा थांबत नाही. तो गुंठ्याने जमीन घेतो. सांगलीत हे सर्वांत ठळक दिसते. तुकडेबंदी कायदा १९४७ चा; त्यामुळे गुंठ्याचे खरेदीपत्र होत नसे; मग मुद्रांकावरच्या करारावर, विश्वासावर, हप्त्यांवर व्यवहार झाले आणि वस्त्याच्या वस्त्या उभ्या राहिल्या. हमाल, गवंडी, यंत्रमागावरचे कामगार, बाजार समितीतले मापाडी, दुष्काळी पूर्व भागातून आलेली कुटुंबे यांची ही शहरे. २००१ साली गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा झाला, १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामे त्यात घेतली. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली. या लोकांकडून प्रशमन शुल्क आणि विकास शुल्क घेतले जाते, ते त्यांच्याच वस्तीतले रस्ते, गटारे, पाणी यांसाठी. किती घेतले आणि त्या वस्तीत किती खर्च झाले, हा साधा दोन रकान्यांचा हिशेब आहे. तो मागायला आपण कितीदा गेलो? नियमितीकरणाचा दाखला नाही म्हणून जागा नावावर नाही, जागा नावावर नाही म्हणून पंतप्रधान आवास योजनेतून स्वतः घर बांधणाऱ्याला मिळणारे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाखही नाही. घरांची योजना दिल्लीत जाहीर होते आणि कुपवाडच्या एका कागदाशी येऊन अडते.

सांगलीत त्याहून कठीण प्रश्न पाण्याचा आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली, ते आपण विसरलेलो नाही. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रस्ता येथली माणसे इशारा पातळीची वाट पाहत नाहीत; त्याआधीच सामान उचलू लागतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आहेत. वडनेरे समितीने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात पूररेषेतील बांधकामांचा प्रश्न मांडला आहे. चर्चा मात्र दरवर्षी अलमट्टीपाशी जाऊन थांबते. अलमट्टीचा प्रश्न खोटा नाही, पण तो कर्नाटकात असल्यामुळे सोयीचा आहे. २००५ च्या पुरानंतर निळ्या रेषेच्या आत किती बांधकाम परवाने दिले, कोणाच्या सहीने दिले, ओढे-नाले बुजवून किती रेखांकने मंजूर झाली, हा प्रश्न घरचा आहे, आणि त्याचे उत्तर महापालिकेच्या नगररचना विभागात आणि मंत्रालयात आहे. विधिमंडळाच्या एखाद्या समितीने एवढी एक यादी पटलावर ठेवायला लावली तरी पुष्कळ.

यावर काही मित्र म्हणतात की, पूररेषेतल्या झोपड्या हटवा म्हणजे झाले. मला हे मान्य नाही. गरीब माणूस हौसेने नदीच्या पोटात राहायला जात नाही. आराखड्यात त्याला दुसरीकडे जागा नव्हती म्हणून गेला. आधी उंचावरची जागा, तीही त्याच्या कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर, मग स्थलांतर. मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांचे सहकारी यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत गोरेगावात जे करून दाखविले, ते येथे आठवावे. १९७६ च्या कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन, सभागृहात प्रश्न, रस्त्यावर मोर्चा आणि न्यायालयात दावा अशा तिन्ही वाटांनी त्यांनी जागा मिळविली आणि सामान्य उत्पन्नाच्या हजारो कुटुंबांची घरे उभी राहिली. तो कायदाच महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला, हा त्या कथेचा पुढचा भाग.

एक आक्षेप मात्र टाळून चालणार नाही, कारण तो आपल्याच कार्यकर्त्यांकडून आणि विशेषतः तरुणांकडून येतो. ते म्हणतात, प्रशासकाचा काळच बरा होता. नगरसेवकांची टक्केवारी नव्हती, सभेतला गोंधळ नव्हता, काम लवकर होत होते. यात तथ्यांश नाही असे नाही. शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळते आहे हे सांगलीकर किती वर्षे ऐकत आहेत! ते धुळगावकडे उचलून नेण्याची योजना निवडून आलेल्यांच्याच काळात रखडली. १९९८ साली तीन शहरांची एक महापालिका झाली, आणि कुपवाडला भुयारी गटारासाठी दोन तपांहून अधिक वाट पाहावी लागली, तीही निवडून आलेल्यांच्याच काळात. निर्वाचित सभा म्हणजे स्वच्छ कारभार, असे समीकरण मी मांडत नाही. पण टक्केवारी नाहीशी झाली असे ज्यांना वाटते, त्यांनी ती दिसेनाशी झाली एवढेच म्हणावे. नगरसेवक चोर असेल तर त्याला गल्लीत तोंड दाखवावे लागते, पाच वर्षांनी पाडता येते. प्रशासकाची बदली होते. आणि गोंधळाविषयी म्हणाल तर, ज्या सभेत कोणीच ओरडत नाही, त्या सभेचे इतिवृत्त वाचून पाहा. त्यात ‘सर्वानुमते मंजूर’ याखेरीज काही नसते.

आता आपण काय करायचे? या सोळांपैकी एकही आमदार आपल्या पक्षाचा नाही. म्हणून हात जोडून बसण्याचे कारण नाही, कारण आमदाराला प्रश्न लागतो आणि तो तयार करून देणारा माणूस त्याला क्वचितच भेटतो. १९४३ नंतर ज्या भूमीत प्रतिसरकार उभे राहिले, तिच्या आठवणी सांगून आपण सभा जिंकतो. पण आपल्या किती शाखांनी आपल्या नगरपालिकेचा अर्थसंकल्प एकदा तरी वाचला आहे? नव्या सभा बसल्या आहेत. त्यांच्यात आपला सदस्य असो वा नसो, पहिली मागणी ही की, प्रशासकीय काळातील सर्व ठरावांची यादी, प्रत्येक वर्षाचा जमाखर्च आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेचे प्रलंबित आक्षेप खास सभा घेऊन पटलावर ठेवावेत. नगरपालिका नाही म्हणाली तर माहितीचा अधिकार आहे. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. तेव्हा सारा संताप एका अर्जात ओतू नका. एक शाखा, एक विषय. साताऱ्याच्या शाखेने हद्दवाढ झालेल्या भागातून किती घरपट्टी आली आणि तेथे किती खर्च झाली, एवढेच मागावे. मिरजेच्या शाखेने दहा वर्षे उलटलेल्या आरक्षणांची आणि आलेल्या नोटिशींची यादी मागावी. कुपवाडने गुंठेवारीच्या विकास शुल्काचे दोन रकाने. सांगलीने निळ्या रेषेतले परवाने, वर्षवार. ग्रामीण शाखांनी जिल्हा नियोजन समितीच्या या काळातल्या बैठकांची इतिवृत्ते, उपस्थितांच्या सह्यांसह.

ही उत्तरे पहिल्या फेरीत मिळणार नाहीत. अपिले करावी लागतील. ती मिळाली की सोळाही आमदारांना, पक्ष न पाहता, एकाच दिवशी, एकाच मसुद्याचा तारांकित प्रश्न नेऊन द्यायचा आणि पोच घ्यायची. कोणी विचारला आणि कोणी नाही, याची यादी आपण याच साप्ताहिकात छापू. मसुदा करण्याचे काम कराडच्या मित्रांनी घेतले आहे. पुराचे पाणी जूनअखेरीस चढू लागते; सांगलीच्या शाखेचा अर्ज त्याआधी गेला पाहिजे.